वीकेण्ड, वडा आणि ‘मुळशी पॅटर्न’

कल्याण गेलं की कर्जत लोकलमध्ये पाय पसरायला जागा होते आणि मग गप्पांना खरा रंग चढतो. त्या शनिवारी आम्हा चौघांसमोर एकच गहन प्रश्न होता. रात्री फार्महाऊसवर कुठला पिक्चर लावायचा? अट एवढीच, की धडाधड गोळ्या सुटल्या पाहिजेत. आठवडाभर बॉसवर झाडता येत नाहीत ना!

‘सत्या’वरून नेहमीप्रमाणे भांडण झालं. 1998 साली तो आला तेव्हा आम्ही सगळे पाळण्यात होतो, पण भिकू म्हात्रेबद्दलची मतं अशी ठाम, की जणू तो आमच्याच सोसायटीत राहायचा. एकीचं म्हणणं, मारामारी स्टायलिश हवी, रक्त कमी. दुसऱ्याला रक्त हवंच, नाहीतर मग ‘सीआयडी’ काय वाईट होतं? शेवटी मराठीचा मान राखून ‘मुळशी पॅटर्न’ ठरला आणि भांडण नको म्हणून त्याचा हिंदी अवतार ‘अंतिम’सुद्धा.

कर्जतला उतरून वडा खाल्ला. घाट चढायला गाड्यांना मागून इंजिनं लागतात, तेवढ्या वेळात वडा खायची इथली रीत जुनी. आम्हाला घाट चढायचा नव्हता, तरी दोन-दोन झाले.

मी मात्र कामावर आले होते. मला प्लॉट बघायचा होता! आपल्याकडे शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते, म्हणून आपल्यासारख्या पगारदारांसाठी असतो एनए प्लॉट. एजंटने गाडीत घालून चौक रस्त्याने खालापूरच्या बाजूला नेलं. वाटेत एन.डी. स्टुडिओ दाखवला. नितीन देसाईंनी तो 2005 साली उभा केला, ‘जोधा अकबर’चा किल्ला इथलाच. ऑगस्ट 2023 मध्ये देसाईंनी याच स्टुडिओत आयुष्य संपवलं, पण एजंट ते सांगत नाही. तो सांगतो, “मॅडम, बॉलिवूड तुमचं शेजारी!” प्लॉट सुंदर होता. मागे डोंगर, समोर ओढा. टोकनचा चेक माझ्या पर्समध्येच होता.

रात्री अंगणात चादर बांधली, प्रोजेक्टर लावला. फार्महाऊस सांभाळणारे काका मच्छर अगरबत्ती ठेवायला आले आणि पायरीवरच टेकले. प्रवीण तरडेंचा ‘मुळशी पॅटर्न’ 2018 सालचा. जमीन विकलेल्या शेतकऱ्याचा पोरगा राहुल्या गुंड होतो, त्याची गोष्ट. ओम भूतकरने राहुल्या असा केलाय, की आमची चिप्सची पाकिटं तशीच राहिली. ‘अंतिम’ महेश मांजरेकरांचा, 2021 सालचा. गोष्ट तीच, पण इन्स्पेक्टर झालाय सलमान, त्यामुळे तो पडद्यावरून हलायलाच तयार नाही. अर्ध्या तासात आमचं एकमत झालं. मराठीच भारी.

मी उगाचच विचारलं, “काका, तुम्हाला कुठला आवडला?”

“सलमान चांगलाय,” काका म्हणाले. “इथंच पनवेलला त्याचा फार्म आहे.” मग जरा थांबून, “पण ताई, दोन्ही पिच्चर खोटे.”

“मारामारी?”

“मारामारी असूदे, पिच्चर आहे. पण पोरगा भाई होतो, ते खोटं. आमच्यात कोण भाई झाला? जमिनीचे पैसे आले, गाडी आली, पोरींची लग्नं झाली, देवळाला कळस चढला. चार वर्षांत खलास. माझा पोरगा तुमच्यासारख्यांना स्टेशनावरून आणायला गाडी चालवतो. भावाचा पोरगा स्विमिंग पूल साफ करतो. याच्यावर पिच्चर काढला तर कोण बघंल?”

कोणीच काही बोललं नाही. काका उठले. जाताना कुंपणाजवळच्या विहिरीवरचं झाकण सरळ करत म्हणाले, “रात्री इकडं येऊ नका हां. कठडा माझ्या बापाने बांधलाय, आता ढिला झालाय.”

म्हणजे ही जमीन...? विचारायचा धीर झाला नाही. मैत्रिणीने गुपचूप प्रोजेक्टर बंद केला. क्लायमॅक्स राहिलाच. वीकेण्डला क्राइम पिक्चर बघताना आपण स्वतःला पोलीस तरी समजतो नाहीतर भाई तरी. जमीन घेणारा पार्टी म्हणून कोणी बघतं का? मी तर बघितला नव्हता.

सकाळी एजंटचा फोन आला. टोकनचं काय? मी म्हटलं, आधी सातबारा बघायचाय, आणि जुने फेरफारही. आधी कोणाची होती, किती भाऊ, कोणाकोणाच्या सह्या.

पलीकडे तो मोठ्याने हसला. “काय मॅडम, रात्री पिच्चर बघितला वाटतं!”

चेक अजून पर्समध्येच आहे. फेरफार पाठवतो म्हणालाय.