चंद्र कुणाच्या वॉर्डात?

चंद्र किती लांब आहे असं विचारलं, तर शाळेतलं पोरही ३ लाख ८४ हजार किलोमीटर म्हणून सांगेल. मी बी.कॉम. माणूस. तेवीस वर्षं बँकेत टेबल सांभाळतोय. माझ्या मते चंद्राचं अंतर किलोमीटरमध्ये मोजण्यात अर्थ नाही. ते सँक्शनमध्ये मोजायचं असतं. आमच्या ब्रँचचं छत गळायला लागलं तेव्हा ते आमच्या डोक्यापासून जेमतेम पाच फुटांवर होतं. पण दुरुस्तीचं सँक्शन वरच्या ऑफिसात होतं, आणि तिथून आमच्या डोक्यापर्यंत यायला त्याला तीन पावसाळे लागले.

त्यामुळे 'नासा'चं नाव निघालं आणि मंडळी अग्निबाण, वजनरहित अवस्था वगैरे बोलायला लागली, की मी हळूच विचारतो, "ते सगळं ठीक आहे हो, पण बिल कोण पास करतं?" यावर मंडळी माझ्याकडे अशा नजरेनं बघतात, जणू लग्नघरी जाऊन मी नवरी सोडून मांडववाल्याची चौकशी करतोय. पण मांडववाल्यानं बांबू दिले नाहीत तर नवरी उभी कुठं राहणार?

आता हा मांडववाला मला सापडला तो आमच्या साडूंमुळे. हे साडू म्हणजे सौ.च्या थोरल्या बहिणीचे यजमान. २००२ पासून ह्यूस्टनला असतात. घर क्लिअर लेक भागात, नासाच्या जॉन्सन अंतराळ केंद्राजवळ. फोनवर "आमच्या शेजारी नासा" असं ते अशा थाटात सांगतात, की विरजण संपलं तर वाटी घेऊन तिकडेच जात असावेत. एकदा ते म्हणाले, "अहो, गंमत ऐका. घर तेच, दार तेच, नळाची गळतीसुद्धा तीच. पण आमचा मतदारसंघ बदलला!"

मी म्हटलं, "माणसं घर बदलतात हे ऐकलंय. घर न हलता मतदारसंघ कसा हलतो?"

त्याचं उत्तर जुनं आहे. अमेरिकन लोकशाहीच्या मनात पहिली पाल चुकचुकली ती १८१२ साली. मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी आपल्या पक्षाच्या सोयीच्या मतदारसंघांवर सही केली. त्यातला एक मतदारसंघ इतका वेडावाकडा होता, की बॉस्टनच्या वर्तमानपत्राला त्यात सालामँडर दिसला. सालामँडर म्हणजे आपल्या पालीच्या रूपाचा एक प्राणी. गेरी अधिक मँडर मिळून झाला 'गेरीमँडर'. पुढं हे गेरीसाहेब देशाचे उपाध्यक्ष झाले, पण नाव राहिलं ते पालीच्या शेपटीला बांधलेलं.

आपल्याकडे मतदारसंघांच्या सीमा आखण्याचं काम न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाकडे असतं. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत ते तिथली विधानसभाच करते. म्हणजे परीक्षेचा पेपर परीक्षार्थीनंच काढायचा. मतदारानं उमेदवार निवडायचा हे आपण नागरिकशास्त्रात शिकलो; तिथं उमेदवारही सवडीनं मतदार निवडून घेतो. दर दहा वर्षांनी शिरगणती झाली की हे काम निघतं. पण टेक्ससवाल्यांना २००३ मध्ये दहा वर्षं थांबवेना. त्यांनी मध्येच नकाशा काढला.

काढवून घेणारे गृहस्थ म्हणजे टॉम डीले. प्रतिनिधीगृहातले बहुमतवाल्या पक्षाचे नेते. टोपणनाव 'हातोडा'. राजकारणात येण्यापूर्वी यांचा झुरळं, उंदीर मारण्याचा धंदा होता, हे मी विनोदासाठी सांगत नाही, खरंच होता. आणि गाव कुठलं, तर शुगर लँड! साखर कारखान्यावरून पडलेलं नाव. म्हणजे साखर कारखाना, त्याच्याभोवती वसलेलं गाव, आणि त्या गावातून दिल्लीला, चुकलो, वॉशिंग्टनला गेलेला वजनदार नेता. हे वाचल्यावर टेक्सस मला एकदम कोल्हापूर-सांगलीच्या मधे कुठंतरी असल्यासारखं वाटायला लागलं. तो कारखाना २००३ मध्येच बंद पडला, हेही आपल्या परंपरेला धरूनच.

नव्या नकाशाला विरोध म्हणून मे २००३ मध्ये विरोधी पक्षाचे पन्नासाहून जास्त आमदार राज्याची हद्द ओलांडून ओक्लाहोमातल्या आर्डमोर गावी एका हॉटेलात जाऊन राहिले. हॉटेलात आमदार ठेवण्याची कला आपण गुवाहाटीला २०२२ मध्ये पूर्णत्वाला नेली असं मी समजत होतो. पण हेतूत फरक आहे. आपले गेले ते सरकार पाडायला, ते गेले ते कोरम पाडायला. त्यांना शोधण्यासाठी डीलेसाहेबांच्या कचेरीनं केंद्राच्या विमान खात्याकडं एका विमानाचा ठावठिकाणा विचारला, आणि त्याबद्दल २००४ मध्ये सभागृहाच्या नीती समितीनं त्यांच्यावर ठपकाही ठेवला. ठपका राहिला कागदावर. नकाशा झाला मंजूर.

त्या नकाशात एक रेघ अशी वळली, की जॉन्सन अंतराळ केंद्र डीले यांच्या बावीस नंबरच्या मतदारसंघात येऊन बसलं. आणि साडूंचं घरही, नळासकट.

आता बँकेच्या भाषेत सांगतो. एखादं खातं कित्येक वर्षं धूळ खात पडलेलं असतं. अर्ज केला की "बघू", स्मरणपत्र पाठवलं की "प्रोसेसमध्ये आहे". एके दिवशी कळतं, की त्या खातेदाराच्या मुलीचं लग्न झोनल मॅनेजरच्या भाच्याशी ठरलंय. त्या दिवसापासून फाइलला पाय नाही, पंख फुटतात. नासाचं असंच झालं. जानेवारी २००४ मध्ये अध्यक्ष बुश यांनी चंद्रावर परत आणि पुढं मंगळावर जायचं जाहीर केलं. जाहीर करायला पैसे लागत नाहीत. त्या वर्षी नासासाठी मागणी होती सुमारे १६ अब्ज २० कोटी डॉलरची. जुलैमध्ये पैशाच्या उपसमितीनं त्यातले सुमारे १ अब्ज १० कोटी कापले.

उपसमितीचा तसा दोषही नव्हता. तिच्याकडं एकच ताट, आणि त्यावर माजी सैनिकांचे दवाखाने, गरिबांची घरं, पर्यावरण खातं आणि मंगळ असे सगळे एका पंगतीला बसवलेले. माजी सैनिकाच्या पानातली पोळी उचलून मंगळाला वाढा, असं म्हणायला कुणाची जीभ रेटेल? पण हातोडेसाहेबांनी सांगून टाकलं, की नासाला पैसे मिळाल्याखेरीज विधेयक सभागृहापुढं येणार नाही. नोव्हेंबरमध्ये पैसे मिळाले. जवळपास मागितले तेवढे. पुढच्या वर्षी तर ती उपसमितीच मोडली आणि नासाचं पान दुसऱ्या पंगतीत मांडलं. त्यामागंही त्यांचाच हात असल्याचं तेव्हा बोललं गेलं.

आता यात न्याय झाला की अन्याय, हे मला नीटसं ठरवता येत नाही. मंगळावर जाण्याबद्दल कुणी शास्त्रज्ञ दोन तास बोलला असता तर तो कट वाचला असता असं मला वाटत नाही. तो वाचवला एका रेघेनं. चंद्र आधी आकाशात होता, तोवर सगळ्यांचा होता, म्हणजे कुणाचाच नव्हता. आता तो बावीस नंबर वॉर्डातला झाला.

अर्थात हे केंद्र ह्यूस्टनला आलं तेच असं. उड्डाणं होतात फ्लोरिडातून, मंडळी तेव्हा काम करत होती व्हर्जिनियात, मग मधेच टेक्ससची गायरानं कुठून उगवली? तर १९६१ मध्ये नासाच्या पैशाच्या नाड्या ज्या उपसमितीच्या हातात होत्या, तिचे अध्यक्ष होते ह्यूस्टनचे खासदार अल्बर्ट थॉमस. उपाध्यक्ष होते टेक्ससचेच लिंडन जॉन्सन. राइस विद्यापीठानं हजार एकर जमीन देऊ केली, ती त्यांना एका तेल कंपनीकडून मिळालेली. बाकी हवापाणी, बंदर, विद्यापीठ असे निकष कागदोपत्री होतेच. आमच्याकडंही नवी ब्रँच कुठं उघडायची याचे निकष असतात.

पण वॉर्डाचा भरवसा धरू नये. केंद्र आत घेताना त्याच्याभोवतीचे मतदारही आत आले, आणि ते सगळेच काही डीलेभक्त नव्हते. २००४ मध्ये साहेब सुमारे ५५ टक्क्यांवर निवडून आले. एवढ्या मोठ्या नेत्याला ते मार्क काठावरचेच. २००५ मध्ये निवडणूक निधीच्या प्रकरणात आरोपपत्र झालं (२०१० मध्ये दोषी, वरच्या कोर्टात पुढं निर्दोष), आणि जून २००६ मध्ये त्यांनी खासदारकी सोडली. पक्षाला मतपत्रिकेवर दुसरं नाव घालायला कोर्टानं परवानगी दिली नाही. मग त्यांच्या उमेदवार शेली सेकुला-गिब्स यांचं नाव मतदारानं स्वतः लिहायचं. ह्यूस्टनच्या मतदानयंत्रावर चाक फिरवून, एकेक अक्षर निवडून! साडू म्हणतात, माणूस चंद्रावर पोचेल एवढ्यात. (ते तेव्हा नागरिक नव्हते, शेजाऱ्याचं ऐकून सांगतात.)

आणि निवडून कोण आलं? निक लॅम्पसन. हे तेच लॅम्पसन, ज्यांच्या जुन्या मतदारसंघात हे केंद्र पूर्वी होतं आणि ज्यांचा मतदारसंघ २००३ च्या नकाशानं मोडून टाकला होता. पुढच्या दारानं हाकललेला पाहुणा मागच्या दारानं येऊन पाटावर बसला. दोन वर्षांनी तेही पडले. २०१३ पासून केंद्र छत्तीस नंबरच्या मतदारसंघात गेलं. केंद्र आपलं जागच्या जागी. खासदारच त्याच्याभोवती उपग्रहासारखे फिरतात.

सिनेटचा मामला वेगळा. सिनेटर अख्ख्या राज्याचा, त्यामुळे तिथं रेघ वळवायची सोय नाही. पण राज्याचं प्रेम काय कमी असतं? मिसिसिपीत स्टेनिस केंद्रावर एक उंच मनोरा बांधायला घेतला होता. एका नव्या अग्निबाणाचं इंजीन उंचावरच्या विरळ हवेत कसं चालतं ते तपासायला. २०१० मध्ये तो अग्निबाणाचा कार्यक्रमच रद्द झाला. मिसिसिपीचे सिनेटर रॉजर विकर यांनी कायद्यात दुरुस्ती घातली, की मनोरा पुरा करायचाच. २०१४ मध्ये तो पुरा झाला. खर्च ३४ कोटी ९० लाख डॉलर. पुरा झाला आणि लगेच कुलूप लागलं. घोडी मेली म्हणून तबेला बांधायचा थांबवत नाहीत, गवंड्यांची मजुरी बुडते. पुढं २०२२ मध्ये एका खाजगी कंपनीनं तो वापरायला घेतला, म्हणजे कुलूप अगदीच गंजलं नाही.

या सगळ्या व्यवहारात मला जीव लावून गेला तो मात्र एक तोट्यातला माणूस. जॉन कल्बरसन. तेही ह्यूस्टनचेच खासदार, पण मतदारसंघ शहराच्या दुसऱ्या बाजूचा. जॉन्सन केंद्र त्यात नव्हतंच. तरी या गृहस्थांना गुरूचा चंद्र युरोपा याचा ध्यास. बर्फाखाली समुद्र आहे, तिथं काही जिवंत असेल का, हा प्रश्न. २०१५ मध्ये नासाच्या पैशाची उपसमिती हातात आल्यावर त्यांनी न मागता तिथं पैसे ओतले, यान पाठवाच म्हणून कायद्यात लिहिलं, वर कुठल्या अग्निबाणानं पाठवा हेही लिहिलं. मतदारसंघात एकालाही यातून नोकरी लागण्यासारखी नाही, आणि माणूस युरोपा युरोपा करतोय! २०१८ च्या निवडणुकीत विरोधकांनी नेमकं तेच धरलं: पुरानं घरं बुडाली आणि आपले खासदार गुरूच्या चंद्राकडं बघतायत. कल्बरसन पडले. एवढ्याच एका कारणानं नव्हे, तिथली उपनगरंही बदलत होती. पण प्रचाराला मुद्दा आयता मिळाला.

यान मात्र गेलं. १४ ऑक्टोबर २०२४ ला, कायद्यातली ती अग्निबाणाची अट आधीच सैल करून, दुसऱ्याच अग्निबाणावरून. इकडं टेक्ससमध्ये ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा दशकाच्या मधेच नवा नकाशा मंजूर झाला, पुन्हा विरोधी आमदार राज्य सोडून पळाले, या खेपेला इलिनॉयला. मी साडूंना फोन करून विचारलं, आता तुम्ही कुठल्या नंबरात? ते म्हणाले, "थांबा, बायकोला विचारून सांगतो, पत्रं तीच उघडते."

ते यान एप्रिल २०३० मध्ये गुरूपाशी पोचायचं आहे. अमेरिकेची पुढची शिरगणतीही १ एप्रिल २०३० लाच आहे.