दीडशे यार्ड

माझा आकडा दीडशे यार्ड. तोही जमिनीवर बसून, रायफल तिकाटीवर टेकवून. उभ्यानं, आधाराशिवाय मारायचं तर तोच आकडा साठावर येतो. दर ऑक्टोबरात मी हे दोन्ही आकडे नव्यानं काढते आणि सीझन सुरू झाला की त्यांच्याशी हुज्जत घालत नाही.

कराडहून विस्कॉन्सिनला आले तेव्हा शिकार म्हणजे माझ्या लेखी जुन्या पुस्तकांतली गोष्ट होती. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ती बंद झाली आणि ते योग्यच झालं. इथली परिस्थिती वेगळी. पांढऱ्या शेपटीची हरणं इथं उदंड. त्यांची संख्या आवाक्यात ठेवायची तर माणसालाच हस्तक्षेप करावा लागतो. नोव्हेंबरातल्या नऊ दिवसांच्या बंदुकीच्या सीझनला अख्खी गावं नारिंगी जाकिटं चढवून रानात जातात. मला हे शिकवलं आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्यानं. घरात हरणाचा रस्सा होतो तो कराडच्या कांदा-लसूण मसाल्यातच.

दुसऱ्या वर्षीची गोष्ट. मक्याच्या कापलेल्या रानाच्या पलीकडच्या काठानं एक मादी सावकाश चालली होती. रेंजफाइंडरनं २८० यार्ड दाखवलं. माझी रायफल थ्री-झिरो-एट. तिला हे अंतर काहीच नाही. दुर्बिणीत मादी इतकी मोठी दिसत होती, की हात लांबवला तर पाठीला लागेल. ती थबकली. मी फऱ्यामागं नेम धरला, चाप ओढला, आणि नेमकं त्याच क्षणी तिनं पाऊल टाकलं.

एवढ्या अंतरावर गोळी पोचायला सेकंदाचा साधारण तिसरा हिस्सा लागतो. तेवढ्यात चालतं हरीण हातभर पुढं सरकतं. फुप्फुसांवर धरलेली गोळी पोटात गेली.

ती पाठ कमानीसारखी वर काढून, शेपूट पाडून झाडीत शिरली. जागेवर जाऊन पाहिलं तर पानांवर रक्त अगदी थोडं, हिरवट झाक असलेलं, आणि त्यात मक्याचा भरडा. फुप्फुसाचं रक्त गुलाबी, फेसाळ असतं. हे तसं नव्हतं. म्हाताऱ्यानं एक पान उचलून नाकाशी धरलं आणि म्हणाला, आता घरी चला. पोटात लागलेल्या जनावराच्या लगेच मागं लागलं, तर ते उरल्या जिवानिशी मैलभर पळतं; सोडून दिलं तर जवळच बसतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी माग काढला. दोनशे पावलांत तीन ठिकाणी पानं दबलेली होती. तीन वेळा ती बसली होती आणि तीन वेळा, सोसवेना म्हणून, उठली होती. चौथ्या ठिकाणी ती होती. मागचा भाग कोयोटींनी खाल्लेला.

ती तीन दबलेली ठिकाणं अजून माझ्यासमोर आहेत. नैतिक टप्पा म्हणजे काय, हे मला तिथं कळलं.

लोक रायफलीचा टप्पा सांगतात. तो कारखान्यात ठरतो. नैतिक टप्पा ज्याचा त्यानं ठरवायचा असतो. हरणाच्या छातीत गोळी लागायला हवी ती जागा असते जेमतेम वीस सेंटिमीटरची, जेवणाच्या ताटलीएवढी. आडवा वारा ताशी सोळा किलोमीटर असला, म्हणजे झाडाच्या बारीक फांद्या हलतील इतकाच, तर माझी गोळी शंभर यार्डांवर दोनेक सेंटिमीटर सरकते. तीनशेवर तीच वीस सेंटिमीटर. अंतर तिप्पट, चूक जवळजवळ दहापट. शिवाय मी बसते तिथला वारा आणि दरीपलीकडे हरणापाशी असलेला वारा एक असेलच असं नाही. रेंजफाइंडर हरीण किती लांब आहे ते सांगतो. माझी छाती किती धडधडते आहे, बोटं किती गारठली आहेत, हे तो कसं सांगणार?

म्हणून कागदी ताटल्या. स्वस्तातल्या, साधारण त्या जागेएवढ्या. उतारावर वेगवेगळ्या अंतरांवर त्या खोचते. शूटिंग रेंजवरचं टेबल आणि वाळूच्या पिशव्या नकोत. रानात त्या कुठून येणार? चढ धावत चढते, धाप लागलेली असतानाच बसते आणि पाच गोळ्या झाडते. पाचही आत पडल्या तरच ते अंतर माझं. चार पडल्या तर नाही. पाचातलं एक जनावर पोटात गोळी घेऊन जाणार, हे मला चालणार नाही. जे अंतर निघतं त्यातला पाव भाग थंडीसाठी आणि अधीरपणासाठी कापते. दोनशे आले होते, दीडशे उरले.

आल्डो लिओपोल्ड याच राज्याच्या विद्यापीठात वन्यजीव व्यवस्थापन शिकवत. शिकाऱ्याला प्रेक्षक नसतात, या गोष्टीला त्यांनी फार महत्त्व दिलं. मला ते रोज पटतं. झाडीत नारिंगी जाकीट घालून एकटीच बसलेली असताना दीडशेचे एकशेऐंशी केले, तर विचारणारं कुणी नसतं.

परदेशातल्या आपल्या माणसांपैकी यंदा कुणी पहिल्यांदा लायसन्स काढणार असेल, तर एक विनंती. महागडी दुर्बीण घेण्याआधी ताटल्यांचा गठ्ठा आणा. भोकं मोजा, आलेला आकडा चिकटपट्टीवर लिहा आणि ती पट्टी रायफलीच्या दस्त्यावर लावा, गाल टेकतो तिथं.