गव्हाविना दस्तरखान

आमच्या मुलीला सिलिअ‍ॅक असल्याचं निदान झालं, त्याला आता तीन वर्षं होतील. गहू आणि जव यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. या आजारात ते पोटात गेलं की शरीर स्वतःच्याच लहान आतड्याला इजा करतं. खाल्लेलं अंगी लागत नाही, रक्त कमी होतं, मुलांची वाढ खुंटते. यावर पथ्य हाच इलाज, तोही जन्मभराचा. (शंका आली म्हणून कुणी मनानेच गहू सोडू नये. आधी सोडला तर तपासणीत आजार सापडत नाही.)

तसं पाहिलं तर ज्वारी, नाचणी, आजऱ्याचा घनसाळ तांदूळ हे आमच्या गडहिंग्लजच्या आसपासचंच धान्य. ग्लुटेन नसलेला पाव-बिस्किटं कोल्हापूरहून आणायची तर साध्यापेक्षा कितीतरी महाग पडतात, म्हणून ती क्वचितच. आमचा खर्च झाला तो दळणावर. गिरणीत गव्हाच्या मागून ज्वारी दळली की भाकरीत गहू आलाच. आपल्याकडच्या नियमाने ‘ग्लुटेन-फ्री’ म्हणून विकायच्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. म्हणजे चिमूटभर कणीकही जड. शेवटी हप्त्यांवर घरी चक्की घेतली. परात, पोळपाट वेगळे केले. बाजारच्या हिंगातही बहुधा मैदा किंवा कणीक असते, हे डबीवरची बारीक अक्षरं वाचून कळलं.

पैशाचं कसंतरी जमतं, दावतीचं जमत नाही. ईदचा शीरखुर्मा, मोहरमचा खिचडा, मलिदा, इफ्तारचे समोसे, सगळ्यांत गहू. “बिस्मिल्ला म्हणून एक घास खाऊ दे, काही होत नाही,” असं खाला मायेनंच म्हणतात. नाही म्हणणं बेअदबीचं वाटतं, पण म्हणावं लागतं. एकींनी सुन्नत म्हणून तलबिना करून पाठवला. तो जवाचा! आजाऱ्याला रोजाचीही सवलत देणारा आपला दीन, मग एका घासासाठी एवढा आग्रह कशाला?

ईदला आम्ही आता तांदळाच्या शेवया करतो. त्या दुधात लवकर विरघळतात, म्हणून वाढताना वाटीत घालायच्या. आणि रमजानमध्ये शेजारच्या आपा आमच्या चक्कीवरचं बेसन घेऊन जातात. तेल ताजं असतं तोवर आधी मुलीची भजी तळून बाजूला झाकून ठेवतात, मग समोसे कढईत सोडतात.