आधी खाली बैस!

काठावर बसून गळ टाकणाऱ्याला सहनशीलता असली की भागते. होडीत पाऊल टाकले की प्रकरण निराळे. १८९१ साली बांधलेल्या पवईच्या तलावात मगरी आहेत, हे सर्वश्रुत आहे. पण लहान होडीत मला मगरीपेक्षा उभ्या राहणाऱ्या माणसाचे भय अधिक!

माझा पुतण्या असाच. गळाला रोहू लागताच ताडकन उठला. होडी कलली. मी विरुद्ध बाजूला सरकलो आणि ओरडलो, "आधी खाली बैस!" तो बसला, दोरा सैल पडला, मासा गेला. घरी पोचेपर्यंत पोरगा माझ्याशी बोलला नाही. न का बोलेना, पोचला तर खरा! त्या रोहूचे वजन मात्र दर दिवाळीला किलोभर वाढते आहे.

नांगर टाकावा तो नाळेवरूनच. मागल्या बाजूने टाकला, तर वारा उठताच लाटा सरळ आत येतात. दोर पाण्याच्या खोलीच्या निदान पाचपट सोडावा. आखूड दोराने नांगर नुसता फरफटतो. जाताना वाऱ्याच्या तोंडावर वल्हवीत जावे, म्हणजे दमून परतताना वारा साथ देतो. फळीवर बूट आपटू नयेत. पाण्यात आवाज हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने जातो. होडी उलटलीच, तर पोहत काठ गाठण्याचा पराक्रम न करता तिलाच धरून राहावे.

आणि लाईफ जॅकेट! ते बुडाखाली घेऊन बसणारे पुष्कळ पाहिले. महाराज, ते अंगात घालायचे असते.