काडी गुरुजींची साखर

मुलांनो, आमच्या साकोलीत भात नसला तर जेवण झालंसं वाटतच नाही. भंडारा जिल्हा मुळी तळ्यांचा आणि धानाचा! मीही दोन्ही वेळा ताटभर भात खाणारा. तरी अंगानं काडीच. वर्गातली पोरं पाठीमागे मला 'काडी गुरुजी' म्हणतात, हे मला ठाऊक आहे बरं!

गेल्या वर्षी सहज म्हणून सकाळी उपाशीपोटी रक्त तपासलं. साखर निघाली ११४. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गुरुजी, ही १०० च्या आत हवी. १२६ किंवा वर गेली की मधुमेह. तुम्ही मधे, अगदी वेशीवर उभे आहात. यालाच मधुमेहपूर्व स्थिती म्हणतात."

मी हसलो. "बाई, माझ्याकडे पाहा तरी! मी कुठे जाडा आहे?"

तेव्हा त्यांनी एक खरी गोष्ट सांगितली. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन या दोघांचा फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघंही सडपातळ, उंचीच्या मानानं वजन अगदी सारखं. पण अंगातली चरबी मोजली, तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! युडकिन मॅरेथॉन धावायचे. आणि याज्ञिक? रोज सकाळी लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत गाठायला धावायचे, असं त्यांनीच गमतीनं लिहिलंय! आपल्याकडची बारीक माणसंही आतून अशी असू शकतात.

माझं हसू मावळलं. मला बाबा आठवले. तेही माझ्यासारखेच काटक, शेतात राबणारे. एकदा रोवणीच्या वेळी चिखलात पायाला काटा रुतला, पण त्यांना कळलाच नाही. न कळलेल्या मधुमेहानं पायाची जाणीव नेली होती. जखम चिघळली आणि दोन बोटं कापावी लागली. त्यांना वेशीवर कुणी थांबवलंच नाही. मला मात्र थांबवलं होतं!

हे होतं कसं? जेवणातली साखर रक्तातून पेशींत शिरायला इन्सुलिन नावाची किल्ली लागते. चरबी साठली, हालचाल कमी झाली, की कुलूप जणू गंजतं. किल्ली नीट फिरत नाही आणि साखर रक्तातच तुंबते. चाललो, खेळलो की स्नायू ती साखर वापरतात, कुलूपही सैल होतं.

म्हणजे वेशीवरून मागे फिरता येतं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चेन्नईच्या एका अभ्यासात, अशाच वेशीवरच्या लोकांनी रोजचं खाणं आणि चालणं सुधारलं. वजन फारसं न घटताही त्यांचा मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला.

मग मीही ठरवलं. भात सोडला नाही, पण ताटभराचा वाटीभर केला. उरलेल्या जागेत भाजी आणि वरण आलं. चहातली साखर गेली. शाळेत स्कूटरनं जायचो, तो पायी जाऊ लागलो. पहिल्या आठवड्यात भातावरून घरात रुसवेफुगवेही झाले! पण वाटेत पोरं सामील होऊ लागली. आता आमची रोज पाढे म्हणत दिंडीच निघते.

सहा महिन्यांनी पुन्हा तपासलं : १०३. अजून वेशीच्या आत आलेलो नाही, पण पावलं घराकडे वळली आहेत.

मुलांनो, घाबरू नका. रोज तासभर मनसोक्त खेळा. आणि आज आईबाबांना एवढंच विचारा, "तुम्ही साखर कधी तपासली?" बारीक असतील तरी विचारा.

परवा वर्गात एका मुलाचा वाढदिवस होता. सगळ्यांना चॉकलेट वाटून तो माझ्याजवळ आला आणि खिशातून कागदाची पुडी काढली. "गुरुजी, तुमच्यासाठी फुटाने आनले."

इतकी गोड भेट मला आजवर मिळाली नव्हती!