माळवदावरची माती

मी दौंडला रेल्वेत, बायको रांजणगाव एमआयडीसीत. न्हावऱ्यावरून चौफुल्याकडे येणारा रस्ता आमच्या अंगवळणी पडलेला. स्वतःचं घर हवं होतं, पण नवा फ्लॅट परवडत नव्हता. म्हणून डागडुजीला आलेली घरं बघायला लागलो. बघता बघता दोन उरली.

दौंडचं घर विटांचं, स्लॅबचं, दारात बोअर. नुकताच रंग दिलेला, तरी खिडकीच्या कोपऱ्यातून वर गेलेल्या तिरक्या भेगा लपत नव्हत्या. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. पाया मुरमापर्यंत गेलेला नसेल, तर भेग कितीही भरा, पुढच्या वर्षी पुन्हा उघडते. ते घर आम्ही सोडलं.

शिरूरचं घर जुन्या वस्तीतलं. घडीव दगडाचं जोतं, सागवानी खांब, वर माळवद. बायको ओसरीवर टेकली आणि म्हणाली, "अहो, हेच घेऊ." माझंही मन तिथंच बसलं होतं. बरोबर नेलेले गवंडीमामा मात्र थेट माळवदावर चढले आणि एका कोपऱ्यात पहार घातली. हातभर खोल गेली तरी मातीच.

आमच्याकडे पाऊस बेताचा, म्हणून माळवदं टिकली. गळू नये म्हणून पावसाळ्याआधी वर पांढरी माती चढवायची. जुनी सहसा कुणी उतरवत नाही. पिढ्यांची ती माती तुळयांवर बसलेली असते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंती आणि असंच जड धाबं झोपलेल्या माणसांवर कोसळलं. हजारो माणसं गेली. ते आठवल्यावर मला त्या माळवदाखाली मुलांची अंथरुणं घालणं शक्यच नव्हतं. घर घ्यायचं तर आधी माती उतरवायची आणि वर हलकं छत घालायचं, हे तिथंच ठरलं.

मामांनी तुळयांची भिंतीत गेलेली टोकं पटाशीने टोचून पाहिली. दोन वाळवीने पोकळ झाली होती. मातीच्या भिंतीवर कुणीतरी सिमेंटचा गिलावा केला होता; त्यामुळे ओल आतच कोंडलेली. "तो खरवडून चुन्याचा करायचा," मामा म्हणाले, "भिंत सुकली पाहिजे, दादा." हा सगळा खर्च कागदावर मांडून आम्ही मालकांच्या आकड्यातून वजा केला. बरीच घासाघीस झाली, पण ते उतरले.

खरी अडचण पुढे होती. घर वडिलोपार्जित, मिळकत पत्रिकेवर नावं फक्त भावांची. "बहिणींचं काही नाही, त्यांची लग्नं झालीत," असं मालक सहज बोलून गेले. मला ते खटकलं. वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने लेकीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो जन्मसिद्ध असल्याचं स्पष्ट केलं. आमच्या वकिलांनीही सांगितलं, बहिणींच्या सह्यांशिवाय इसार देऊ नका. कायद्याची भीती होतीच, पण एखाद्या बहिणीचा वाटा डावलून मिळालेल्या घरात मला सुखाने राहता आलं नसतं. दोघी बहिणी आल्या, त्यांच्या वाट्याचे पैसे आम्ही थेट त्यांच्याच खात्यात भरले आणि खरेदीखतावर सगळ्यांबरोबर त्यांच्याही सह्या झाल्या.

सध्या माळवद उतरवण्याचं काम चालू आहे. जुनं घर बघायला जाल तेव्हा गवंडी बरोबर घ्या, जमलं तर मोठा पाऊस होऊन गेल्यावर जा, आणि इसार देण्याआधी त्या घरच्या लेकींना भेटा.