पुढची चाल कोणाची?

२०१२च्या दिवाळीच्या सुट्टीत मी न्यू जर्सीला ताईकडे गेले होते. सँडी चक्रीवादळाला तीन-साडेतीन आठवडे झाले होते. थँक्सगिव्हिंगच्या रात्री, म्हणजे २२ नोव्हेंबरला, जेवणे आटोपल्यावर भाचा दूरचित्रवाणीपुढे जाऊन बसला. न्यूयॉर्क जेट्स आणि न्यू इंग्लंड पेट्रियट्स यांचा सामना तिथून जवळच, ईस्ट रदरफर्डच्या मैदानावर चालू होता. अमेरिकन फुटबॉलमधले मला ओ की ठो कळत नव्हते. पण मावशी आली आहे तर तिला आपला खेळ शिकवायचाच, असा त्याने चंग बांधला होता, आणि शिकवण्याची हौस असलेल्या माणसापुढे विद्यार्थी होऊन बसणे मला फार आवडते.

त्याने शिकवलेले पुढे वाचून पक्के केले. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचे, हा खेळाचा पाया. प्रत्येक प्रयत्नाची सुरुवात चेंडू मागे क्वार्टरबॅकच्या हाती सोपवून होते. त्यापुढचे तीनेक सेकंद त्याचे असतात. तो मोजून तीन, पाच किंवा सात पावले मागे सरकतो, आणि शेवटचे पाऊल पडते न पडते तोच चेंडू हातातून सुटावा लागतो. झेलणारा खेळाडू तेव्हा अजून वळलेलाही नसतो. जिथे तो पोहोचणार असतो त्या मोकळ्या जागेकडे चेंडू फेकायचा. हे डोळ्यांनी साधत नाही, लयीनेच साधते. म्हणून नवख्या क्वार्टरबॅकला प्रशिक्षक सुरुवातीला सोपे, जवळचे पास देतात. दोन-चार पास नीट लागले की हात आणि पाय एकमेकांना ओळखू लागतात. ख्यालात गायक पहिली काही आवर्तने समेचा अंदाज घेत घालवतो, तसेच काहीसे.

या लयीला छेद देणारी एक चाल आहे. तिचे नाव वाइल्डकॅट. तिच्यात चेंडू क्वार्टरबॅककडे न जाता थेट धावणाऱ्या खेळाडूकडे जातो. क्वार्टरबॅक एक तर दूर कडेला जाऊन उभा राहतो, नाहीतर मैदानाबाहेर जातो. यामागचे गणित साधे आहे. एरवी चेंडू दुसऱ्याच्या हाती दिल्यावर क्वार्टरबॅक नुसता बघ्या उरतो आणि अकरांविरुद्ध दहाच खेळतात. वाइल्डकॅटमध्ये अडवायला एक माणूस जास्त मिळतो. कल्पना जुनीच, विसाव्या शतकाच्या आरंभी पॉप वॉर्नर यांनी रूढ केलेल्या 'सिंगल विंग' रचनेची नात म्हणावी अशी. २१ सप्टेंबर २००८ रोजी मायामी डॉल्फिन्सने ती पेट्रियट्सविरुद्ध अचानक बाहेर काढली. रॉनी ब्राऊन या धावपटूने चार वेळा धावत जाऊन गुण मिळवले, पाचव्यांदा स्वतःच पास फेकून मिळवून दिले आणि मायामीने ३८-१३ असा विजय मिळवला. आदल्या मोसमात १६ पैकी एकच सामना जिंकलेला तो संघ त्या वर्षी ११ सामने जिंकला. प्रशिक्षक होते टोनी स्पारानो.

हेच स्पारानो २०१२मध्ये जेट्सच्या आक्रमणाची सूत्रे सांभाळायला आले. जेट्सचा क्वार्टरबॅक होता मार्क सांचेझ, नुकताच २६ वर्षांचा झालेला. २००९मध्ये त्याची निवड पाचव्या क्रमांकावर झाली होती, आणि पहिल्या दोन्ही मोसमांत संघ अंतिम सामन्यापासून केवळ एक पाऊल दूर राहिला होता. तरीही मार्च २०१२मध्ये व्यवस्थापनाने टिम टीबोला आणले. टीबो हासुद्धा क्वार्टरबॅकच, आणि त्याच जानेवारीत डेन्व्हरकडून एका पासवर सामना फिरवून देशभर गाजलेला. त्याचा उपयोग मुख्यतः वाइल्डकॅटसाठी होईल, असे सांगण्यात आले.

त्या रात्री सांचेझची एक चाल फसली. चेंडू ज्याच्या हाती द्यायचा त्याच्याशी चुकामूक झाली. सांचेझ चेंडू घेऊन स्वतःच पुढे धावला, आपल्याच संघातल्या धिप्पाड खेळाडूच्या पार्श्वभागावर आदळला आणि चेंडू हातातून निसटला. प्रतिपक्षाने तो उचलून थेट गुणरेषा गाठली. ५२ सेकंदांत पेट्रियट्सने २१ गुण मिळवले, शेवटी सामना ४९-१९ असा गेला आणि तो क्षण आजतागायत विनोदाचा विषय राहिला आहे. मीही हसले. भाचा हसला नाही. तो म्हणाला, "मावशी, त्याला बिचाऱ्याला कळतच नाही, पुढची चाल त्याची आहे की नाही ते."

मी सहज विचारले, "पण तो दुसरा आज खेळतोय कुठे?" टीबोच्या बरगड्यांना दुखापत झालेली होती. त्या रात्री तो मैदानात उतरलाच नाही. भाच्याने खांदे उडवले. "नसला म्हणून काय झालं? तो आहेच ना."

याचा अर्थ लागायला मला अकरा वर्षे लागली.

न्याय करायचा तर आकडेही पाहायला हवेत. संघ एका मोसमात साधारण हजारभर चाली खेळतो. त्यांपैकी टीबोने जेमतेम ८ पास फेकले आणि ३२ वेळा तो चेंडू घेऊन धावला. चाळीस चालींनी कोणाचा मोसम बुडत नाही. सांचेझचा मुख्य झेलकरी सप्टेंबरअखेर जायबंदी झाला होता, आणि सांचेझच्या स्वतःच्या उणिवाही होत्याच. शिवाय २००९मध्ये तो अगदी नवखा असताना जेट्स अशाच चाली ब्रॅड स्मिथकडून करून घेत होते आणि संघ जिंकतही होता. मग फरक कुठे पडला? मला वाटते, स्मिथ हा झेलकरी होता. महाविद्यालयात तो क्वार्टरबॅक असला तरी जेट्समध्ये सांचेझची जागा तो मागत नव्हता. तो येई, चाल खेळे आणि परत जाई. टीबो आला की प्रत्येक चालीतून एक प्रश्न मागे राही. मर्ढेकरांनी लयीच्या विचारात संवाद आणि विरोध यांच्या जोडीला समतोल मांडला, तो उगाच नव्हे. लयीला विरोधाचे वावडे नसते. पण विरोधानंतर पुन्हा तोल सावरला जाईल याची खात्री नसेल, तर उरतो तो केवळ व्यत्यय.

आता माझी गोष्ट. २०२३-२४ या वर्षी आमच्या विभागात तासिका तत्त्वावर एक तरुण प्राध्यापक होता. नेट उत्तीर्ण, वाचन चांगले, आवाज थोडा बारीक. द्वितीय वर्षाचा कवितेचा पेपर मी त्याच्याकडे दिला होता. दिला होता, असे मी तरी समजत होते. पण एखादी अवघड कविता आली की मी म्हणे, "ही मी घेते हो, तुम्ही पुढची घ्या." तपासणीची समिती येणार असली की त्या दिवशीचा तास माझा. माझ्या आवडीचा कवी आला तर विचारायचेही नाही. माझे ते तास रंगत, मुले खूश होत आणि मीही. वीस वर्षे तीच कविता शिकवलेल्या बाईचा तास रंगावा यात नवल ते काय? दुसऱ्या दिवशी तो त्याच वर्गात उभा राही आणि मुलांच्या चेहऱ्यांवर कालचा तास असे.

दिवाळीनंतर त्याचे शिकवणे सपाट होत गेल्याचे माझ्या लक्षात आले. टिपणे सांगून तो मोकळा होई. आत्मविश्वास कमी, असा निदानाचा शिक्काही मी मनात मारून टाकला. मग जानेवारीत एकदा, तासाची घंटा झालेली असताना, तो हजेरीपट घेऊन माझ्या टेबलाशी थांबला आणि अत्यंत नम्रपणे म्हणाला, "मॅडम, आजची कविता मी घेऊ, की तुम्ही घेणार आहात?"

त्या दिवशी मला ती कविता घ्यायची नव्हती. तसा विचारही मनात आलेला नव्हता. तरी तो तयारी अर्ध्यावर सोडून आला होता, कारण तास त्याचाच राहील याची त्याला शाश्वती नव्हती. त्याची नेमणूक मुळातच दर वर्षी नव्या मुलाखतीने व्हायची आणि मानधन तासांवर मोजले जायचे. संस्थेने त्याला वर्षभराची लय दिलेली नव्हती. निदान एका पेपराची मी देऊ शकले असते. मी त्याचे पाच-सहाच तास घेतले असतील. पण उरलेल्या प्रत्येक तासाला मी दाराशी उभी होते. न्यू जर्सीतले ते वाक्य तेव्हा आठवले. तो आहेच ना.

सांचेझला डिसेंबर २०१२मध्ये सामना चालू असतानाच बाहेर बसवले गेले. पुढे तो अनेक संघांतून फिरला. टीबोला जेट्सने २०१३च्या एप्रिलमध्ये सोडले आणि त्यानंतर त्या स्पर्धेचा एकही मोसमी सामना त्याच्या वाट्याला आला नाही. दोघांपैकी कोणालाही त्या योजनेने काही दिले नाही.

आमचा हा तरुण पुढच्या वर्षीच्या मुलाखतीतून पुन्हा आला, हे माझे नशीब. कवितेचा संपूर्ण पेपर वेळापत्रकात त्याच्या नावाने लावला आणि त्याला सांगितले, की समिती येवो, कोणीही येवो, हे तास तुमचेच. पहिला महिना बरा गेला नाही. दोन मुली तक्रार घेऊनही आल्या. मी त्यांना सत्र संपेपर्यंत थांबा म्हटले.

मध्यंतरी एकदा शेजारच्या रिकाम्या वर्गात पेपर तपासत बसले होते. भिंतीपलीकडून त्याचा आवाज येत होता. एका ओळीशी तो अडला. तिचा अर्थ मला ठाऊक होता, कसा सांगायचा तेही. हातातले पेन खाली ठेवून मी उठले, दारापर्यंत गेले. मग पुन्हा येऊन बसले. बराच वेळ शांतता होती. नंतर कोणा विद्यार्थ्याने काहीतरी विचारले, आणि तो पुन्हा बोलू लागला.